आईवरचा बर्फ

माझ्या बाबांना कुणी "किती साधा माणूस" म्हटलं की माझं डोकं सटकतं. इथली मराठी मंडळी हमखास म्हणतात. बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीत, बॉबलिंगेनला आले होते, तेव्हा गणपतीत भेटणारी, गुढीपाडव्याला श्रीखंडाचे डबे घेऊन येणारी सगळी माणसं त्यांना बघून जायची आणि जिन्यात मला सांगायची, "अगं, एवढा मोठा आर्टिस्ट, पण जराही हवा नाही गं डोक्यात! गपचूप कोपऱ्यात बसून असतात बिचारे." बिचारे! कोपऱ्यात बसून ते या मंडळींच्याच बायकांच्या गालांवरचा उजेड मोजत असायचे. त्या बायकांचं नाव विचारलं असतं तर एकीचंही सांगता आलं नसतं त्यांना.

बाबा पुण्यातल्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. पण ती नोकरी. खरा धंदा म्हणजे स्पॉटवर जाऊन लँडस्केप करणं. "आपण इम्प्रेशनिस्ट," असं ते सांगायचे, जसं कुणी आपण देशस्थ म्हणून सांगावं तसं. म्हणजे काय, तर वस्तू रंगवायची नाही, वस्तूवर पडलेला उजेड रंगवायचा. घरी बसून, आठवून, फोटो बघून काही करायचं नाही. जागेवर जायचं, उजेड असेल तोवर हात चालवायचा, उजेड गेला की ब्रश खाली. काळा रंग घरात आणायचा नाही, कारण काळं असं जगात काही नसतंच. आई संक्रांतीला हौसेनं काळी चंद्रकळा नेसायची, तर हे दारातनं तिच्याकडे बघून म्हणायचे, "काळी कुठंय? निळी आहे ती. पदराशी तर चक्क जांभळी." बाई नटून उभी आहे, छान दिसतेस म्हण की! नाही.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. मी त्यात वाढलेय, म्हणून मला विचारा. मी शाळेत असताना सुट्टीत ते मला स्पॉटला न्यायचे, ते शिकवायला नव्हे, कॅनव्हासवर छत्री धरायला. एकदा उन्हाळ्यात मुळशीच्या बाजूला कुठंतरी छत्री धरून धरून मला चक्कर आली आणि मी धाडकन पडले. बाबांनी आधी छत्री उचलली. ओल्या रंगावर धूळ बसली असती ना! मग मला पाणी दिलं. हे मी माहेरच्या गमतीजमती म्हणून सांगते तेव्हा लोक हसतात. मीही हसते. पण मला ती गंमत कधीच वाटली नाही.

आईचं वेगळंच होतं. ती पहाटे उठून डबा करायची, संध्याकाळी त्यांच्या रंगाच्या चिंध्या रॉकेलात बुडवून धुवायची, तिच्या नखांत कायम हिरवं-निळं असायचं. मी चिडले की म्हणायची, "अगं, त्यांना माणसं दिसत नाहीत, माणसांवर पडलेला उजेड दिसतो. त्याला ते तरी काय करणार?" आख्ख्या संसारात त्यांनी तिचं एकही चित्र काढलं नाही. माझंही नाही. घाट काढले, वडाची झाडं काढली, नदीतल्या म्हशी शंभरदा काढल्या. मी एकदा विचारलं होतं, माझं का काढत नाही? तर म्हणाले, "तू हलतेस." म्हशी काय पोझ देऊन उभ्या राहत होत्या?

मग आई आजारी पडली. मी तेव्हा इथे, पोटात मुलगी, आठवा महिना, आणि डॉक्टरीणबाईंनी विमानाचं नाव काढू दिलं नाही. रोज फोन करायचे. शेवटच्या आठवड्यात आईला बोलवत नव्हतं, मग बाबाच बोलायचे. एक दिवस, आज भाजी काय केली हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "आज तिला खिडकीशी बसवलं. उजेड बरा होता. चित्र सुरू केलंय."

मला आधी कळलंच नाही. कुणाचं चित्र?

"तिचं. आता हलत नाही ती."

मी फोन कापला आणि बाथरूममध्ये जाऊन ओरडले. नवरा धावत आला, त्याला वाटलं कळा सुरू झाल्या. पण खरं सांगू? रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. मी तिथे नव्हते. आईचे शेवटचे दिवस बघणारे डोळे एकच होते, आणि ते डोळे कसे बघतात हे मला माहीत होतं. काहीही सुटत नाही त्यांच्यातून. मी आईला शेवटचं बघितलं ते फोनच्या स्क्रीनवर, तेही अडकत अडकत. त्यामुळे ते चित्र मला हवं होतं. इतर काही नको होतं मला माहेरचं. दागिने मी मावशीला देऊन टाकले, भांडी कुणी नेली विचारलंही नाही. ते चित्र तेवढं हवं होतं.

"फोटो काढून पाठवा," मी म्हटलं. बाबा म्हणाले, फोन रंग खोटे दाखवतो. "मग कुरियर करा." म्हणाले, पूर्ण झालेलं नाही. असं करत करत तीन वर्षं गेली.

मग ते आले, फेब्रुवारीच्या शेवटी, आणि येताना सामान काय, तर दोन शर्ट, दोन पँटी आणि कॅनव्हासची चळत. इथल्या कॅनव्हासवर विश्वास नाही म्हणून पुण्याहून चौकटीवर ताणून आणलेले. त्या चळतीत एक वेगळा होता, आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला. मी बॅग उघडली आणि तिथेच खाली बसले.

"दाखवा."

"आत्ता नाही. ट्यूबलाइटमध्ये बघायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी, खिडकीतनं उजेड पुरेसा आला याची खात्री करून, त्यांनी ते सोफ्यावर टेकवून ठेवलं आणि मला भिंतीपर्यंत मागे जायला लावलं. जवळून नुसते फटकारे होते, जांभळे, पोपटी, कुठे मधूनच पिवळा ठिपका. मागे गेले आणि आई आली. खिडकीशी बसलेली, उशीला टेकून. डोळे काढलेलेच नव्हते, तिथे नुसती सावली होती. पण मान! आई ऐकताना मान जराशी डावीकडे कलती ठेवायची, तुझं चालू दे, मी ऐकतेय, अशी. ती मान तशीच्या तशी होती. आणि मांडीवर उपडा टाकलेला हात, त्याच्यात जीव उरलेला नाही हे दिसत होतं. मी रडायला लागले. बाबांनी लगेच चित्र उचललं.

"बघायचं तर नीट बघ. कपाळ चुकलंय. तिथे उजेड गरम होता, मी थंड लावला. सगळा रंग चेहऱ्यावर थापून ठेवलाय नुसता, सापडेना म्हणून."

"मला नाही दिसत काही चुकलेलं. मला द्या हे."

"अपुरं आहे."

"मग पुरं करा!"

"कसं करू?" ते म्हणाले. "मॉडेलच गेली."

आपल्या बायकोबद्दल. माझ्या आईबद्दल. नवरा स्वयंपाकघरातनं बाहेर आला आणि माझा दंड धरून मला आत घेऊन गेला, कारण माझ्या हाताशी काचेचा बाउल होता.

तर असे आमचे दिवस सुरू झाले. शेवटी एवढं कबूल झालं, की जाताना बघू. जाताना देतो असं नव्हे, बघू. चित्र साडीत गुंडाळून त्यांच्या खोलीतल्या कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं. चुकलेली चित्रं ते नेहमी तशीच ठेवायचे, शाळेतल्या पोराला शिक्षा करावी तशी. रोज सकाळी बाबा ईझल खांद्याला मारून बाहेर पडायचे. आमच्या घरामागे वस्ती संपते आणि उतारावर चेरी-सफरचंदाच्या झाडांचं मोठं कुरण सुरू होतं, तिथे. ते गेले की मी होम ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मध्ये कपाटामागून आईला काढायचे, खुर्चीवर टेकवायचे आणि भिंतीला पाठ लावून खाली बसून जेवायचे. तिच्यासोबत. एकदा मोबाइलवर फोटोही काढला. फोटोत नुसते फटकारे आले, आई आलीच नाही. पुसून टाकला.

एकदा लेक किंडरगार्टनमधनं लवकर आली आणि तिनं मला तशी बसलेली पकडलं. "वेअर इस्ट दास?" कोण आहे ही? मी म्हटलं, आजी आहे. तिनं पुढे जाऊन नाक लावून बघितलं आणि म्हणाली, आजीला डोळे नाहीत का? मी तिला उचलून भिंतीपर्यंत मागे आणलं. "आता बघ." ती बघत राहिली आणि म्हणाली, "झी हॉर्ट त्सू." ती ऐकतेय. माझ्या चार वर्षांच्याही नसलेल्या पोरीला, जिनं आजीला कधी बघितलंही नाही, तिला कळलं. त्या दिवशी मी ठरवलं की बाबांनी नाही म्हटलं तरी हे चित्र विमानात चढणार नाही. वेळ आली तर मी बॅगेतनं काढून घेईन. चोरी म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

इकडे घर म्हणजे टर्पेंटाइनचं गोदाम झालं होतं. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहते, तिच्या नाकाला आमची फोडणीसुद्धा सोसत नाही. त्यात आमच्याकडे केअरवोखं, म्हणजे जिना झाडायची-पुसायची आठवड्याची पाळी, आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाबांनी वरपासून खालपर्यंत निळ्या थेंबांची रांग सोडलेली. मी गुडघ्यांवर बसून ते थेंब घासतेय आणि बाबा वरून म्हणतायत, "घासू नकोस गं, त्या राखाडी फरशीवर काय सुंदर दिसतायत!" मी फडकं खाली आपटलं. मालकीणबाई दार किलकिलं करून बघत होत्या. मला वाटलं, यांनाच बाबांचं थोबाड फोडायला सांगावं, जर्मनमध्ये.

चित्रं मात्र व्हायची. खोटं का बोलू! उघड्या काळ्या फांद्या, त्यांच्या मते जांभळ्या. मागे धुकं. मग एप्रिलमध्ये चेरी फुलायला लागली आणि म्हाताऱ्याला वेड लागलं. रोज एक चित्र. संध्याकाळी बघायचे, "गेला" म्हणायचे, नाइफनं खरवडून टाकायचे, सकाळी त्यावरच पुन्हा. खरवडून खरवडून कापडाची चाळण झाली. ईस्टरच्या आठवड्यात चळत संपली.

गुरुवारी नवरा म्हणाला, "बाबा, आज चला दुकानात. उद्या कारफ्रायटाग, म्हणजे गुड फ्रायडे, सगळं बंद. शनिवारी तेवढं उघडतं, मग रविवार-सोमवार ईस्टरचे पुन्हा बंद."

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

"दुकानदार राहतो कुठे ते विचारून ठेव. घरी जाऊन आणू."

नवरा हसला. बाबा थट्टा करत नव्हते. पुण्यात त्यांच्या रंगवाल्याकडे ते दिवाळीच्या पाडव्यालासुद्धा जिना चढून गेलेले आहेत. तो माणूस लुंगीवर खाली येऊन अर्धं शटर वर करायचा आणि पांढऱ्याची ट्यूब काढून द्यायचा. जगात कुठेही शटर अर्धं वर होतंच, ही त्यांची श्रद्धा. मी म्हटलं, "बाबा, इथे शटर वर होत नाही. इथे लोक रविवारी रिकाम्या बाटल्यासुद्धा कचऱ्यात टाकत नाहीत, आवाज होतो म्हणून." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी नवऱ्यानं त्यांना बळंबळं नेलं. तिथे त्यांनी प्रत्येक कॅनव्हास अंगठ्यानं दाबून, टिचकी मारून बघितला. "ढोलकीसारखं वाजतंय. यावर रंग बसायचा नाही, घसरेल." आणि हात हलवत परत आले. सोमवारी दुसरं दुकान बघू म्हणाले. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघू दे त्यांना सोमवारी बंद दारं. जरा कळू दे. रविवार त्यांनी खिडकीशी बसून काढला, चिडचिड करत. मला बरं वाटत होतं. एक दिवस तरी त्यांच्या उजेडाला कॅनव्हास नव्हता.

सोमवारी सकाळी जाग आली तर खोलीत भलताच उजेड होता. पडदा सारला. बर्फ! पुरत्या फुललेल्या चेरीवर रात्रीतनं बर्फ पडला होता. वर स्वच्छ आकाश आणि सूर्य नुकताच टेकडीवरनं चढत होता. असं इथे इतक्या वर्षांत मी एकदाही बघितलं नव्हतं. फूल कुठलं, बर्फ कुठला, काही कळत नव्हतं. पहिल्यांदा मला चक्क वाटलं, बाबांना उठवावं. बघा, काय आहे बाहेर.

दाराशी त्यांचे बूट नव्हते. ईझल नव्हतं.

मी त्यांच्या खोलीत गेले. कपाटामागे हात घातला. साडी हाताला लागली, नुसती साडी.

पायजम्यावर जॅकेट चढवून, नवऱ्याचे बूट पायात अडकवून मी पळाले. उतारावर दोनदा घसरले. कुरणात त्यांच्या पावलांची एकच ओळ गेलेली, त्यांना शोधायची गरजच नव्हती. मोठ्या चेरीसमोर ईझल लावून उभे होते, माझी लोकरीची टोपी डोक्यात, हात सपासप चाललेला. मी मागून गेले आणि बघितलं.

आई नव्हती. उशी नव्हती, खिडकी नव्हती. सगळा पांढरा, गुलाबी, निळसर उजेड होता. फक्त खाली डावीकडे, झाडाच्या बुंध्याशी, तिच्या मांडीवरच्या सावलीचा जांभळा तसाच राहिला होता.

"बाबा!"

"मध्ये येऊ नकोस. उजेड जातोय."

आणि माझे पाय थांबले. याचा मला अजून संताप येतो. चाळिशीची बाई, एका टीमची प्रमुख, ऑफिसात जर्मन पुरुषांना तोंडावर चुकलात म्हणून सांगणारी, आणि ते दोन शब्द ऐकले की मी छत्री धरलेली पोर होते. मी उभी राहिले. फांद्यांवरनं बर्फाचे गोळे पडायला लागले होते. त्यांनी शेवटचे चार ठिपके लावले, ते कुठले कुणास ठाऊक, पण लावले आणि सगळं झाड थरथरलं. मग ब्रश खाली केला, मागे मागे सरकत माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आई गेली तेव्हा आलं होतं की नाही, मला माहीत नाही, मी नव्हते.

"जमलं," ते म्हणाले. "जन्मभर यासाठी तडफडलो. आज जमलं."

जमलं होतं. मी त्यांच्याच हाताखाली बघायला शिकलेय, मला ते कळत होतं, आणि ते कळतंय याचीच मला किळस येत होती.

"ती आई होती," मी म्हटलं.

"आई कुठली? चुकलेलं चित्र होतं. चुकलेलं ठेवायचं नसतं."

"मला हवं होतं ते. तीन वर्षं मागतेय मी!"

"तुला रडायला हवं होतं. रडायला कॅनव्हास कशाला लागतो?" ते पॅलेट पुसायला लागले. मग बोटानं तो खालचा जांभळा दाखवत, अगदी खूश होऊन म्हणाले, "ही बघ, ही सावली आयतीच मिळाली. इतकी बरोबर होती की हातच लावला नाही."

तेव्हा मला सुचलं. आईसोबत चिंध्या धुऊन धुऊन मला एवढं तर माहीत होतं, की ओला रंग वाळलेल्या रंगावरनं पुसता येतो. वरचा बर्फ आत्ताचा होता, ओलागच्च. आई तीन वर्षं वाळलेली. ती खालीच होती. तिला काही झालेलं नव्हतं.

मी त्यांच्या हातातली चिंधी ओढून घेतली, टर्पेंटाइनची बाटली तिच्यावर उपडी केली आणि झाडाच्या बरोबर मधोमध हात मारला.

"अगं ए! ए! काय करतेस!"

त्यांनी माझं मनगट धरलं. मी ढकललं. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस बर्फात मागे जाऊन बसला आणि मी वळूनही बघितलं नाही. पांढरा सुटत होता, भराभर सुटत होता, चिंधीवर, हातावर, जॅकेटवर. "नको गं," ते खालून म्हणत होते, "पाया पडतो, नको. पुन्हा नाही मिळायचा तो उजेड. माझ्याकडे किती दिवस राहिलेत आता?" मला ऐकून आनंद होत होता. हो, आनंद. मी जोर लावून पुसत होते. आधी खिडकीची चौकट वर आली. मग उशी. मग तो हात, उपडा टाकलेला, जसाच्या तसा. मी हसतही होते आणि रडतही होते. मग मान आली, डावीकडे कललेली. मी चिंधी उलटी केली, कोरडी बाजू घेतली आणि हलक्या हातानं चेहऱ्यावरनं फिरवली.

चेहरा नव्हता. नुसतं कापड. चेहऱ्यावर रंग जाड थापलेला होता, त्याचे उंचवटे वरच्या चित्रातून दिसले असते, म्हणून सुरुवात करण्याआधी त्यांनी तेवढा भाग नाइफनं खरवडून काढला होता. आईच्या मानेवर एक भुरकट गोल भोक होतं आणि त्यातनं विणीचे दोरे दिसत होते.

झाड गेलं होतं. आईही नव्हती.

खाली वस्तीत चर्चची घंटा वाजायला लागली. बाबा उठले असावेत, कारण मागे बर्फ कुरकुरला. मला वाटलं, आता मारतील. खरंच वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. मी वळले.

ते माझ्याकडे बघत होते. राग नव्हता, दुःखही नव्हतं. डोळे बारीक केलेले, मान जराशी मागे. झाडाकडे बघतात तसं, नदीकडे बघतात तसं ते माझ्या तोंडाकडे बघत होते. सूर्य समोरून येत होता, खाली सगळीकडे बर्फ, आणि माझा चेहरा रडून ओला. अर्धवट वाकलेले होते, एक हात बर्फातच चाचपडत पॅलेट शोधत होता.

"हलू नकोस," बाबा म्हणाले. "अशीच थांब. उजेड आहे अजून."

त्यांनी कॅनव्हास आपल्याकडे वळवून घेतला. ब्रश पँटला पुसला.

मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर चिंधी फेकून मारायची होती. सांगायचं होतं, की आजच्या आज तिकीट काढते, जा, तोंड दाखवू नका पुन्हा. घरी पोर उठली असेल, मला शोधत असेल. सगळं सगळं डोक्यात येत होतं.

"हनुवटी जरा वर."

मी हनुवटी वर केली.